संध्याकाळी घरी जाणारे पेशंट

ब्रिटनमधल्या ईटिंग डिसऑर्डरच्या डे युनिटमध्ये दुपारी जेवायची वेळ जवळ आली, की खोलीतल्या गप्पा आपोआप थंडावतात. एक लांब टेबल, सात-आठ खुर्च्या आणि समोर घड्याळ. पेशंटच्या पंगतीला एखादी नर्स किंवा आहारतज्ज्ञ बसते. नुसती लक्ष ठेवायला बसत नाही, तीही जेवते. मुख्य जेवणाला साधारण अर्धा तास, नंतरच्या गोडाला पंधरा मिनिटं असा हिशोब. ताटात काही टाकायचं नाही. सुरीला चिकटलेलं लोणीसुद्धा पुसून ब्रेडवर परत घ्यायचं. कॅलरी, वजन, व्यायाम, डाएट हे विषय टेबलावर वर्ज्य. मग बोलायचं काय? म्हणून कुणी शब्दांचे खेळ काढतं, कुणी क्विझचे प्रश्न विचारतं, कुणी रेडिओ लावतं. नवख्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण त्या टेबलावर बसलेल्या पंचविशीतल्या वकिलीण बाईला बटाट्याचा पुढचा घास आणि मनातला आरडाओरडा यांच्यामध्ये धरायला एवढंच काहीतरी हवं असतं.

जेवण झालं तरी सुटका नसते. पुढचा अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी एकत्र बसायचं. या वेळात बाथरूमला एकटं जाता येत नाही. खाल्लेलं लपवण्याच्या आणि बाहेर काढण्याच्या ज्या युक्त्या असतात, त्या या लेखात येणार नाहीत. वाचणाऱ्यांत कुणी या आजाराशी झुंजत असेल, तर त्याच्या हाती नवं हत्यार द्यायला नको. नर्सना त्या सगळ्या पाठ असतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

इथवरचं चित्र कुठल्याही वॉर्डात दिसेल. फरक पडतो तो चार-साडेचारला. कोट चढवले जातात, पिशव्या उचलल्या जातात आणि पेशंट घरी जायला निघतात. कुणी बसने, कुणी ट्यूबने. रात्रीचं जेवण त्यांना स्वतःच्या घरी, स्वतःच्या भरवशावर जेवायचं असतं. उद्या सकाळी पुन्हा हजर.

मधली पायरी

अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया, बिंज ईटिंग ही नावं मराठी वाचकाच्या कानांवरून गेलेली असतात. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं तोडत तोडत उपासमारीच्या काठावर जातो. बुलिमियात तो एका बैठकीत भसाभसा खातो आणि मग ते शरीराबाहेर काढायला धडपडतो. बिंज ईटिंगमध्ये हे बाहेर काढणं नसतं, नंतरची शरम मात्र तेवढीच असते. अ‍ॅनोरेक्सियाला नाव मिळालं ते 1870 च्या दशकात, लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांकडून. बुलिमियाचं पहिलं सविस्तर वर्णन लंडनमध्येच जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये केलं. श्रीमंत घरच्या मुलींचे नखरे, ही समजूत अजूनही आपल्याकडे आहे. पण 36 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्यांच्या वयाच्या इतर लोकांपेक्षा पाच ते सहा पट निघाला आणि त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा होता. मानसिक आजारांमध्ये इतका जीवघेणा आजार विरळा.

उपचारांचे पूर्वी दोनच मार्ग होते. आठवड्याला तासभर बाह्यरुग्ण विभागात जायचं, नाहीतर कित्येक महिने हॉस्पिटलात भरती व्हायचं. तासाभराने ज्यांचं भागत नाही, पण ज्यांचा जीव आज-उद्या धोक्यात नाही, अशा लोकांसाठी मध्ये काहीच नव्हतं. टोरोंटो जनरल हॉस्पिटलने 1985 मध्ये ही जागा भरायला डे हॉस्पिटल सुरू केलं. दिवसभर गटात जेवायचं, गटात बोलायचं आणि रात्री घरी जायचं. तिथले अ‍ॅलन कॅप्लन आणि नीवा पिरान यांनी 1990 मध्ये या पद्धतीवर पुस्तक काढलं आणि इतर देशांतल्या डॉक्टरांच्या हाती एक नमुना आला. आज ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत अशी युनिटं आहेत. तपशील वेगळे असतात, पण साचा तोच: आठवड्याचे तीन ते पाच दिवस, दिवसाला सहा-आठ तास, जेवणं आणि मधली खाणी देखरेखीखाली, उरलेल्या वेळात थेरपी.

भरती संपल्यावर पेशंटकडे नीट लक्ष राहिलं नाही तर काय होतं, याचा दाखला ब्रिटनच्या सरकारदरबारी नोंदवलेला आहे. अ‍ॅनोरेक्सियासाठी भरती राहून बाहेर पडलेली 19 वर्षांची एक मुलगी विद्यापीठात शिकायला दुसऱ्या गावी गेली. नव्या गावातल्या बाह्यरुग्ण सेवेचं तिच्याकडे नीट लक्ष राहिलं नाही आणि 2012 च्या डिसेंबरात ती गेली. तिच्या वडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. 2017 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य ओम्बड्समनने अहवाल दिला: धोक्याच्या घंटा वाजत होत्या, त्या ऐकल्या गेल्या नाहीत आणि हा मृत्यू टाळता आला असता.

आधी पोट, मग मन

डे युनिटमध्ये आलेल्या बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते. ‘मला माझ्या मनाबद्दल बोलायचंय आणि तुम्ही मला सँडविच काय खायला घालताय?’ तक्रार रास्त वाटते. तिचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका प्रयोगात आहे. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धावर जायला तत्त्वासाठी नकार दिलेले हे तरुण होते. युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे शोधायचं होतं. प्रयोग पुढे सरकला तसे हे तरुण दिवसरात्र खाण्याचा विचार करू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. ताटं चाटली गेली, एकेक जेवण तासन् तास पुरवलं जाऊ लागलं. ते चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले, मित्रमैत्रिणींतला रस गेला. प्रयोग संपल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. यांतल्या एकालाही आधी ईटिंग डिसऑर्डर नव्हती.

म्हणजे जे वेड आपण आजाराचं मूळ समजतो, त्यातलं बरंचसं उपासमारीचं फळ असतं. उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग नाही, त्याला आधी खाऊ घालावं लागतं. म्हणून डे युनिटने आखून दिलेल्या दिवसाचा कणा तीन जेवणं आणि तीन मधली खाणी हाच असतो. सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या वरचेवर होतात, कारण फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर बेतू शकतं. ज्यांची प्रकृती इतकी नाजूक असते, त्यांना डे युनिट घेत नाही. त्यांना आधी वॉर्डात जावं लागतं.

वजनाच्या काट्याचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखा सुटलेला नाही. काही ठिकाणी पेशंटला पाठमोरं उभं करून वजन घेतात आणि आकडा सांगत नाहीत. काही ठिकाणी मुद्दाम दाखवतात, त्याचा तक्ता करतात आणि त्यावर बोलतात. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांची पद्धत मानणारे दुसऱ्या बाजूचे: आकड्याची भीती आकडा झाकून जाणार कशी, हा त्यांचा सवाल. पेशंटमध्येही तट आहेत. काहींना न कळलेल्या आकड्याने आठवडाभर छळलं, काहींना कळलेल्याने.

गट: औषध आणि विषाची परीक्षा

सकाळी आल्यावर पहिला गट काल संध्याकाळचा हिशोब घेतो. काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे घसरलं. त्यानंतरच्या गटांत विचारांच्या गाठी सोडवणं, भावनांची लाट अंगावर आली तर उपाशी न राहता किंवा भसाभसा न खाता ती कशी ओसरू द्यायची याचा सराव, शरीराकडे बघण्याचे धडे, आहारशास्त्र. मॉड्स्ली हॉस्पिटल आणि किंग्ज कॉलेज लंडन इथल्या मंडळींनी प्रौढांसाठी बेतलेली ‘मँट्रा’ नावाची थेरपीही बऱ्याच युनिटांत चालते. तिच्यात आजाराने आपल्याला काय दिलं, हेही पेशंटला लिहायला सांगतात, कारण दिलेलं असतं म्हणून तर तो सुटत नाही: ताबा असल्याची भावना, सुन्नपणा, एक ओळख.

डे युनिटच्या पेशंटांशी बोलून झालेल्या अभ्यासांत गटाबद्दल दोन टोकांची मतं एकाच माणसाच्या तोंडून येतात. आपल्यासारखंच कुणीतरी शेजारी बसलंय आणि त्याने वाटी रिकामी केली, हे बघून पुढचा घास जातो. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलेलं जे पटत नाही, ते शेजारणीने एकदा सांगितलं की पटतं. आणि तीच शेजारीण आपल्यापेक्षा बारीक आहे, हळू खाते, तिला नर्सचं लक्ष जास्त मिळतं, हे डोळे टिपत राहतात. ‘मी इथे यायला पुरेशी आजारी नाहीच’ ही शंका या आजारात इतक्यांना छळते, की तिला या आजाराचं एक लक्षणच म्हणायला हवं. नव्या पेशंटच्या येण्याने टेबलाचं सगळं गणित बदलतं.

नियमांबद्दलही तसंच. घर चालवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या प्रौढ बाईला बाथरूमसाठी परवानगी मागावी लागते, याचा अपमान वाटतो आणि तो लपत नाही. पण खायचं की नाही हा निर्णय दिवसापुरता आपल्या हातून काढून घेतला गेला, याचं केवढं हायसं वाटलं, हेही अनेकजणी सांगतात. मनातल्या आवाजाला सांगता येतं, ‘मी नाही खाल्लं, त्यांनी लावलं.’ ही पळवाट सुरुवातीला चालून जाते. पुढे युनिटच ती हळूहळू बंद करतं: आधी ताट वाढून मिळतं, मग स्वतः वाढून घ्यायचं, मग स्वयंपाक करायचा, मग बाजारहाट, मग बाहेर हॉटेलात.

हॉटेलातलं खाणं हा मोठा अडथळा असतो आणि इंग्लंडमध्ये तो सरकारने आणखी उंच केला. 6 एप्रिल 2022 पासून 250 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या हॉटेल-कॅफेंना मेन्यूवर कॅलरी छापणं सक्तीचं झालं. लठ्ठपणाला आळा घालायचा हेतू. ईटिंग डिसऑर्डरच्या क्षेत्रातल्या ‘बीट’ या संस्थेने त्याला विरोध केला होता. ज्या आकड्यांपासून युनिटने महिनोन् महिने लांब ठेवलं, ते कॉफीच्या शेजारी ठळक अक्षरांत. ग्राहकाने मागितलं तर आकडे नसलेला मेन्यू देण्याची मुभा कायद्यात आहे. ते मागायला काउंटरवर जी हिंमत लागते, तिचीही आता युनिटमध्ये तालीम करावी लागते.

साडेचारनंतर

डे युनिटचं खरं काम युनिट बंद झाल्यावर सुरू होतं. वॉर्डात महिनोन् महिने छान जेवणारी मुलगी घरी परतली आणि काही आठवड्यांत पुन्हा होती तिथे आली, हा अनुभव ईटिंग डिसऑर्डरच्या डॉक्टरांना नवा नाही. वॉर्डात जेवायला शिकलेली मुलगी वॉर्डातच जेवते. घरातलं स्वयंपाकघर, आरसा, जिन्याच्या पायऱ्या, कोपऱ्यावरचं सुपरमार्केट, यांतली एकही गोष्ट तिथे नसते. डे पेशंटला हे सगळं रोज संध्याकाळी भेटतं आणि रोज सकाळी त्याबद्दल बोलायला टेबल असतं.

म्हणून दिवसाचा शेवटचा गट संध्याकाळच्या आखणीचा. किती वाजता जेवणार, काय जेवणार, कुणाबरोबर, त्यानंतरचा तास कसा काढणार. बुलिमियाच्या पेशंटला परतीचा रस्ता कुठला, हेही ठरवावं लागतं, कारण नेहमीच्या रस्त्यावर नेहमीचं दुकान असतं. शुक्रवार सगळ्यांत अवघड. दोन दिवस, सहा जेवणं आणि आधाराला फक्त कागदावरची आखणी. सोमवारच्या सकाळच्या गटात कोण गप्प बसलंय, यावरून शनिवार-रविवार कसा गेला ते जाणत्या नर्सला कळतं.

घरच्यांची परीक्षा वेगळीच. दिवसभर युनिटने जे केलं, ते संध्याकाळी आईने करायचं असतं, आणि आई नर्स नसते. पोटच्या मुलीने बशी ढकलून दिली, तर नर्सइतक्या शांतपणे ‘मला दिसतंय तुला जड जातंय, पुढचा घास घे’ असं म्हणणं कुणाला जमेल? ते शिकवावं लागतं. किशोरवयीन मुलांसाठी मॉड्स्लीमध्ये आकाराला आलेल्या कुटुंबाधारित उपचारांत आईवडिलांना हेच शिकवतात: आजार मुलीहून वेगळा समजा, दोष कुणाचा हे शोधत बसू नका, पण जेवणाच्या बाबतीत तडजोड करू नका. एकटं राहणाऱ्यांना हाही आधार नसतो. ज्यांच्या घरातच मूळ दुखणं आहे, त्यांच्यासाठी साडेचार वाजणं ही दिवसातली सर्वांत वाईट बातमी असते. डे युनिटचा हा कच्चा दुवा आहे आणि त्याची भरपाई कुठल्याही वेळापत्रकाने होत नाही.

2020 मध्ये कोविडने तर हा सगळा डाव उलटला. युनिटं बंद झाली आणि बरीचशी रातोरात व्हिडिओ कॉलवर गेली. नर्स आपल्या घरी, पेशंट आपल्या घरी, मधे कॅमेरा आणि दोन्हीकडे ताट. दुपारचं जेवणही घरातच आल्यामुळे काहींचा घरात जेवायचा सराव वाढला. काहींना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बरंच काही करता आलं. शिवाय जेवतानाचा स्वतःचाच चेहरा पडद्यावर सतत पाहणं, हा शरीराचा तिटकारा असलेल्या माणसासाठी छळच होता.

कुणाला कुठे पाठवायचं

ही मधली पायरी भरतीइतकी भरवशाची आहे का? जर्मनीत आखनच्या बेआटे हेर्पर्ट्झ-डालमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा केंद्रांत 11 ते 18 वयाच्या, अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या 172 मुलींवर हे तपासलं. तीन आठवडे सगळ्यांना भरती ठेवलं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना वॉर्डातच ठेवलं, निम्म्यांना डे पेशंट केलं. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: वर्षभराने दोन्ही गटांच्या वजनातली सुधारणा तोडीस तोड होती आणि डे पेशंटचा खर्च साधारण एक पंचमांशाने कमी.

प्रौढांसाठी ब्रिटनमध्ये ‘डेझीज’ नावाने असाच अभ्यास सुरू झाला. पुरेसे लोकच मिळाले नाहीत आणि तो लवकर गुंडाळावा लागला. कोविड हे एक कारण. दुसरं अधिक बोलकं: आपण वॉर्डात जायचं की संध्याकाळी घरी, हे चिठ्ठीने ठरावं, ही गोष्ट पेशंटना मान्य नव्हती. कुणाला कुत्रा, नोकरी, नवरा, स्वतःची खोली सोडायची नव्हती. कुणाला उलट घरापासून, निर्णयांपासून चार भिंतींची सुट्टी हवी होती. संशोधकांच्या दृष्टीने अभ्यास फसला. पेशंटचा अनुभव जाणून घ्यायचा असेल, तर या नकारापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

वानखेडेवरचा शर्ट

टेबलाभोवती बहुधा बायकाच असतात, पण आजार तेवढा एकतर्फी नाही. ब्रिटनमध्ये साडेबारा लाख लोकांना ईटिंग डिसऑर्डर असावी आणि त्यांत चारातला एक पुरुष असावा, असा ‘बीट’चा अंदाज आहे. यांतला एक पुरुष मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. 3 फेब्रुवारी 2002 रोजी वानखेडेवर श्रीनाथचा त्रिफळा उडवून, शर्ट काढून, उघड्या अंगाने धावत सुटलेला इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ. सौरव गांगुलीने लॉर्ड्‌सच्या गॅलरीत त्याची परतफेड केली, ती आपल्याला पाठ आहे. जाडा म्हणून वर्तमानपत्रांनी हिणवलं तेव्हापासून आपल्याला बुलिमिया जडला, हे फ्लिंटॉफने 2020 मध्ये बीबीसीच्या माहितीपटात सविस्तर सांगितलं. तोवर त्याने उपचार घेतलेले नव्हते. एका क्रिकेटपटूने सगळ्यांदेखत अंगातला शर्ट काढावा आणि त्याच अंगाबद्दल त्याला काय वाटतं, हे लोकांना कळायला एवढी वर्षं लागावीत, यात पुरुष पेशंट युनिटपर्यंत का पोचत नाहीत त्याचं उत्तर आहे.

उपवास आणि प्रश्नावली

पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सचे अध्यक्ष झालेले दिनेश भुग्रा यांनी मायकेल किंग यांच्याबरोबर उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना ईटिंग डिसऑर्डरची पाश्चात्त्य प्रश्नावली दिली होती. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धोक्याची रेषा ओलांडणाऱ्या मुलींचं प्रमाण चक्रावून टाकणारं आलं. बारकाईने पाहता घोळ सापडला. खाण्यावर संयम, मोजकं खाणं अशा प्रश्नांना मुलींनी उपवास आणि वळण यांच्या चौकटीतून उत्तरं दिली होती. पुढे 1995 मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुणींच्या नोंदी छापल्या. खायला नकार, उलट्या, घसरलेलं वजन, बंद पडलेली पाळी, सगळं होतं. फक्त ‘मी जाडी आहे’ हे पुस्तकातलं पालुपद नव्हतं.

दोन्ही अभ्यास मिळून आपल्या डॉक्टरांना चांगलंच पेचात टाकतात. जिथे आजार नाही तिथे तो दिसतो आणि जिथे आहे तिथे तो पोटदुखी, बद्धकोष्ठ, पाळीची तक्रार अशा वेशात येतो. मुलगी पोटाच्या डॉक्टरांकडे, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते. घरात संकष्टी, सोमवार, नवरात्र धरून महिन्याचे निम्मे दिवस न जेवण्याला सबब मिळते आणि वर कौतुकही होतं. परदेशी गेलेल्यांचंही फार वेगळं नाही. लेस्टरमधल्या ईटिंग डिसऑर्डर सेवेकडे पाठवल्या गेलेल्या रुग्णांत दक्षिण आशियाई लोक त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी होते, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं.

रिचा चढ्ढासारखी एखादी अभिनेत्री आपल्या बुलिमियाबद्दल जाहीर बोलते. पण फक्त या आजारासाठी चालणारं, जेवणाचं टेबल असलेलं डे युनिट मराठी गावांत-शहरांत सहजी सापडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांची मोट घरच्यांनाच बांधावी लागते. तरी आपल्याकडे एक गोष्ट अजून टिकून आहे, जी लंडनच्या युनिटांना पगार देऊन उभी करावी लागते: एकत्र जेवायला बसणारं माणूस. फराळाच्या ताटापाशी भाचीला ‘किती बारीक झालीस, काय करतेस सांग तरी’ असं कौतुकाने विचारण्याआधी ती गेल्या सहा महिन्यांत कुणाबरोबर बसून पोटभर जेवली आहे का, हे एकदा पाहा. नसेल, जेवणाच्या वेळा चुकवत असेल, जेवल्याबरोबर उठून जात असेल, तर तिला टोकू नका, डॉक्टरकडे न्या. मनाविषयी कुणाशी बोलावं हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.